घरीच शेवट होणार आहे. जवळ बसणाऱ्यांना काय काय दिसेल?

रानजाई

सासरे, वय ७१. जिभेचा कॅन्सर, मानेत गाठ फुटून जखम झाली आहे. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) देऊन झाले, आता पुढे उपचार नाहीत म्हणून घरी आणलं आहे. नाकातून नळी आहे, पातळ खाणं आणि औषधं तिच्यातूनच. मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. गाव सातारा जिल्ह्यात, डॉक्टर १२ किमीवर.

घरात सासूबाई (६६, बीपी आणि शुगर), नवरा, मी आणि ९ वर्षांचा मुलगा. नणंद पुण्याला असते. दिरांचं म्हणणं, शेवटी दवाखान्यातच न्यायचं, घरी बघवणार नाही. मामांची (सासऱ्यांची) स्वतःची इच्छा घरीच राहायची आहे, पाटीवर तसं लिहून दाखवतात.

आमच्यापैकी कोणी माणूस जाताना जवळून पाहिलेला नाही. नेमकं काय दिसतं, त्यात त्रासाचं लक्षण कोणतं आणि नुसतं दिसायला भयंकर कोणतं, हे आधी कळलं तर बरं. पाहणाऱ्यांच्या मनावर नंतर काय राहतं, त्याची आधीपासून काही काळजी घेता येते का? मुलाला नणंदेकडे पाठवावं का? कृपया "धीर धरा" सोडून काहीतरी सांगा.

---

पांढरीपट्टी

कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन बघणाऱ्या टीममध्ये नर्स आहे. सविस्तर लिहिते, कारण घरच्यांच्या डोक्यात पुढे महिनोन्‌महिने जे फिरत राहतं ते बहुतेकदा कोणी आधी न सांगितलेलं काहीतरी असतं.

शेवटचे काही दिवस उरले की झोप वाढते, दिवसातला बराचसा वेळ गुंगीतच जातो. लघवी कमी होते आणि कोऱ्या चहाच्या रंगाची येते. हातपाय गार पडतात. गुडघे आणि तळपाय यांवर जांभळट जाळीसारखे डाग दिसू लागले तर सहसा तासांचा किंवा एकदोन दिवसांचाच प्रश्न असतो. पाय गार लागले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका. कातडी भाजते आणि त्यांना सांगता येत नाही. हलकं पांघरूण पुरे.

श्वास. आधी खोल, मग उथळ, मग थांबतो. दहापंधरा सेकंद काहीच नाही, पुन्हा सुरू. पुढे ही खंड पडण्याची वेळ अर्ध्या मिनिटावर, कधी मिनिटावर जाते. प्रत्येक खंडाला घरातले "गेले" म्हणून हंबरडा फोडतात, मग श्वास येतो, आणि हे रात्रभर चालतं. पाहणाऱ्यांची खरी दमछाक इथे होते. हे श्वासाचं नियंत्रण करणारं केंद्र मंदावल्यामुळे होतं. त्या वेळी माणूस गुंगीत असतो, गुदमरल्याची जाणीव होत असेल असं धरायचं कारण नसतं. हलवू नका, छाती दाबू नका, तोंडावर पाणी मारू नका. अगदी शेवटच्या तासांत प्रत्येक श्वासाबरोबर नुसता जबडा हलतो, छाती फारशी हलत नाही.

घरघर. घशात साचलेली लाळ गिळता किंवा खाकरता येत नाही, हवा त्यातून ये-जा करते, तो आवाज. जिभेच्या कॅन्सरमध्ये लाळ आधीच गिळली जात नाही, त्यामुळे तुमच्याकडे हा आवाज लवकर सुरू होईल आणि मोठा असेल. शेजारच्या खोलीत ऐकू येतो. कपाळावर आठी नसेल, हात आवळलेले नसतील तर त्यांना त्याचा त्रास नाही असं समजा. कुशीवर वळवा, पाठीमागे उशीची टेकण द्या, डोकं थोडं उंच. गालात साचलेलं कापडाने टिपून घ्या. सक्शन मशीन आणून घशात खोल नळी घालायचा मोह टाळा. त्याने उलटी होते, रक्त येतं, आणि पंधरा मिनिटांत लाळ पुन्हा भरते. लाळ कमी करणारं औषध (ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन) घरघर चालू होताच दिलं तर थोडा उपयोग. आधीच साचलेलं ते सुकवत नाही. ते आत्ताच आणून ठेवा.

भ्रम. चादर चाचपणं, नळी ओढणं, उठून जायचा हट्ट, गेलेल्या माणसांशी बोलणं. औषधाआधी तीन गोष्टी बघा. ओटीपोटावर हात ठेवून लघवी तुंबली आहे का, किती दिवस शौचाला झालेलं नाही, आणि दुखणं वाढलंय का. लघवी तुंबल्यामुळे तडफडणारा माणूस कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर दहा मिनिटांत शांत होतो, आणि घरचे मात्र "जीव जाताना तडफडला" अशी आठवण घेऊन बसलेले असतात. गेलेली आई दिसते असं म्हणाले तर वाद घालू नका. ते दिसणं बहुधा त्यांना घाबरवत नाही, घाबरतो आपण.

आता अवघड भाग, पण तुम्ही विचारलंत म्हणून. मानेत जखम आहे म्हणजे मोठी रक्तवाहिनी फुटायचा धोका आहे. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतं. आदल्या तासांत किंवा दिवसांत कधी कधी इशारा मिळतो: ड्रेसिंगमध्ये किंवा तोंडातून ताजं लाल रक्त, किंवा जखमेत ठोके दिसणं. असं दिसलं तर त्याच क्षणी तुमच्या डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या टीमला फोन करा. आणि आजच खाटेखाली एक पिशवी भरून ठेवा: गडद मरून, काळे किंवा गडद हिरवे जाड टॉवेल ५-६, प्लास्टिकची चादर, ग्लोव्ह्ज, झाकणाची बादली. टॉवेल गडद का? पांढऱ्या कापडावर पाव लिटर रक्त दोन लिटरसारखं दिसतं आणि ते दृश्य पुसलं जात नाही. वाहिनी फुटलीच तर काही मिनिटांचा खेळ असतो, ॲम्ब्युलन्सला वेळ नसतो, शुद्ध फार लवकर हरपते. जखमेवर टॉवेल घट्ट दाबायचा, कुशीवर वळवायचं, एकाने हात धरून बोलत राहायचं. गुंगीचं इंजेक्शन (मिडाझोलाम) घरात भरून ठेवलेलं असेल आणि ते देणारा शेजारीच असेल तर द्यावं, ते शोधायला म्हणून पेशंटला एकटं सोडायचं नाही. बाकीच्यांना खोलीबाहेर काढायचं. हे कोण करणार ते आधी ठरवा. ज्याला रक्त बघून चक्कर येते तो नवराच असेल तर ते आत्ता कबूल करून टाकू दे.

जखमेचा वास. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकतात, दिवसातून दोनदा. दोनतीन दिवसांत फरक पडतो. अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ जखमेपाशी धरला की वर येतात, मग चिमट्याने काढायच्या. पहिल्यांदा टीमकडून बघून घ्या. वासाचं एवढ्यासाठी लिहिलं की वासाची आठवण चित्रापेक्षा चिवट असते, आणि वास येतो म्हणून नातवंडं खोलीत जाईनाशी होतात, ते पेशंटला कळतं.

---

तालुका_डॉक्टर

पांढरीपट्टी यांनी जवळजवळ सगळं लिहिलं आहे. औषधं, सलाईन आणि कागदपत्रं एवढंच जोडतो.

नळीतून खाणं: सध्या बहुधा दर दोनतीन तासांनी २०० मिली जात असेल. डोकं ४५ अंश वर आणि नंतर अर्धा तास तसंच, हे पाळता ना? शेवटच्या दिवसांत आतडी मंदावतात. पोट फुगणं, नळीतून मागे येणं, दिल्यावर खोकला येणं यांपैकी काही दिसलं की ५० मिलीवर या, तरीही होत असेल तर खाणं बंद, फक्त औषध आणि त्यामागे २०-३० मिली पाणी. भावकीतून कोणीतरी "उपाशी मारताय" म्हणेलच. त्या शरीराला भूक राहिलेली नसते, आणि बळेच घातलेलं फुफ्फुसात जातं. तोंड मात्र कोरडं पडतं, ते दर दोन तासांनी ओल्या गॉजने पुसा, ओठांना तूप लावा. तहान लागते ती बहुतांशी तोंडात.

सलाईनसाठी आग्रह होणार हे नक्की. एक बाटली लावली की घरच्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं, हे मला मान्य आहे. पण किडनी काम करत नसताना गेलेलं पाणी पायांवर सूज आणि घशात घरघर होऊन बाहेर पडतं. वरून सुईसाठी पाचसहा ठिकाणी टोचाटोच.

मॉर्फिन: साध्या गोळ्या कुटून नळीतून देता येतात. "एसआर" किंवा "सीआर" लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधीही कुटायच्या नाहीत. बारा तासांचा डोस एकदम जातो. साधी गोळी दर चार तासांनी. मध्ये दुखलं तर जादा डोस साधारण दिवसभराच्या एकूण डोसच्या सहावा भाग. म्हणजे चार तासांनी १० मिग्रॅ असेल तर दिवसाचे ६०, जादा डोस १०. तुमचे आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या, माझे वापरू नका. शौचाला साफ होण्याची (जुलाबाची) गोळी सोबत चालूच हवी. उलट्या होऊ लागल्या किंवा नळी निघाली तर कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवून इंजेक्शन देता येतं, डोस तोंडाच्या निम्मा ते तिसरा हिस्सा, तो डॉक्टर ठरवतील. गावातल्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही असं धरूनच चाला. दोन आठवड्यांचं हाताशी असू द्या. आणि "आता शुद्धीत नाहीत, कशाला द्यायचं" म्हणून एकदम बंद करू नका, दुखणं शुद्धीबरोबर जात नाही.

एक वही करा. वेळ, औषध, किती, कोणी दिलं, सही. कारण शेवटचा डोस कोणीतरी दिलेला असतो, आणि त्यानंतर तासाभरात माणूस गेला की तो देणारा मनात म्हणतो, माझ्यामुळे गेले. ही शंका मी फार घरांतून ऐकतो. जास्त झालेल्या मॉर्फिनची लक्षणं वेगळी: श्वास मिनिटाला आठच्या खाली संथ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, हाक मारून-हलवून जाग नाही, कधी हातपायांना झटके. किडनी मंदावल्यावर ठरलेला डोसही जड होऊ शकतो, म्हणून झटके दिसले की फोन करा, डोस कमी करू. जलद-खोल-थांबलेला असा बदलता श्वास हा आजाराचा. वहीत डोस नेहमीचाच दिसला की पुढे त्या माणसाला सांगायला हातात काहीतरी असतं.

दिरांबद्दल. शेवटच्या तासांत १०८ बोलावली तर येणाऱ्यांचं काम जीव वाचवायचं आहे, ते छाती दाबणार आणि उचलून नेणार. वाटेत गेले तर अपघात विभागात "मृतावस्थेत आणले" अशी नोंद. ज्या डॉक्टरने पेशंट आधी पाहिलेलाच नाही तो मृत्यूचं कारण लिहीत नाही, पोलिसांना कळवतो, शवविच्छेदनाचा विषय निघतो. पोहोचून व्हेंटिलेटर लागला तर काढणं सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ च्या सुधारणेने वाट आहे, पण त्यासाठी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. दवाखान्यात न्यायचंच असेल तर ते दुखणं किंवा दम आवरत नाही म्हणून, आणि दिवसाउजेडी, ठरवून. मध्यरात्री घाबरून नाही.

घरी गेले तर: श्वास थांबल्यावर घड्याळ बघून पाच मिनिटं थांबा, मध्ये एखाददुसरा आचका येऊ शकतो. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (नमुना ४अ) शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचं असतं आणि त्याला फी नाही. "रात्री दोनला गेले तर याल का?" हे त्यांना आत्ताच विचारा, येणार नसतील तर दुसरा बघून ठेवा. सगळे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एका फाइलमध्ये. पोलिसांची गरज नाही. फक्त खाटेवरून पडू देऊ नका, पडून डोक्याला मार लागला तर प्रकरण नैसर्गिक राहत नाही. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत.

---

भीमथडी

मयताचं सामान आणण्यापासून स्मशानापर्यंत गावात ज्यांना बोलावतात त्यांपैकी. रीतीभाती आणि आजारी माणूस यांची गाठ पडते तिथे गडबड होते, तेवढंच लिहितो.

जीव जायच्या आधी खाली घ्यायची पद्धत असेल तर शेवटच्या आठवड्यात गादीच जमिनीवर घाला. घाईघाईत चौघांनी उचललं की मानेला हिसका बसतो, आणि इथे मानेतच जखम आहे. नाहीतर गेल्यावर खाली घ्या, कोणाचंही काही बिघडत नाही. गंगाजल चमच्याने ओतायचं नाही, शुद्ध नसलेल्या माणसाला ठसका लागतो आणि शेवटचं म्हणून तेच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे राहतं. बोट बुडवून ओठ ओले करा, तुळशीचं पान ओठावर ठेवा.

गेल्यावर पहिला तास महत्त्वाचा. डोळे मिटून वर ओला कापूस, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी किंवा डोक्यावरून पट्टी, हातपाय सरळ, अंगठी काढून. उन्हाळ्यात एकदोन तासांतच जबडा धरायला लागतो, मग तोंड उघडं ते उघडं, आणि दर्शनाला येणारा प्रत्येकजण ते बघतो. मयत कुशीवर वळवताना छातीतली हवा बाहेर येऊन कण्हल्यासारखा आवाज होतो. "जिवंत आहेत" म्हणून धावाधाव होते. धरणाऱ्यांना आधी सांगा. लघवी-शौच सुटू शकतं, खाली प्लास्टिक आणि जुनी चादर हवी.

मानेची पट्टी सोडायची नाही. जखम नंतरही पाझरते, तिच्यावरच आणखी कापूस आणि घट्ट पट्टी. अंघोळ घागरीने घालण्यापेक्षा ओल्या फडक्याने अंग पुसा, अंगणात सगळ्यांसमोर तर नकोच. नळी डॉक्टर पाहून गेले की काढा. पेसमेकर वगैरे आहे का ते स्मशानात विचारतील, असेल तर आधी काढून घ्यावा लागतो, आगीत फुटतो.

---

उंबरठा

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, म्हणजे नेत्रपेढीचा नंबर आजच फाइलवर लिहा. रक्ताचा किंवा डोळ्याचा कॅन्सर नसेल तर सहसा घेतात, निर्णय त्यांचा. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद.

बाकी मुलाला पाठवून द्या नणंदेकडे. नऊ वर्षांच्या पोराने हे का बघावं?

---

ऐकणारी

मी शोकग्रस्त कुटुंबांसाठी समुपदेशन करते. उंबरठा यांच्याशी सहमत नाही, पण अर्धी.

मुलाला पाठवलं की त्याच्यासाठी आजोबा घरात होते आणि परत आल्यावर नाहीत, एवढंच उरतं. मधली जागा तो स्वतः भरतो, आणि ती खऱ्यापेक्षा वाईट भरतो. नऊ वर्षांच्या मुलाला मेलेला माणूस परत येत नाही हे कळतं. त्याला तीन शंका असतात, विचारो न विचारो: माझ्यामुळे झालं का, मलाही होईल का, आई-बाबांना झालं तर माझं कोण. तिन्हींची उत्तरं न विचारताच द्या. कॅन्सर शिवल्याने किंवा उष्ट्याने होत नाही हे स्पष्ट सांगा. "झोपले" म्हणू नका, काही मुलं त्यानंतर झोपायला घाबरतात.

आत जायचं की नाही हे त्याला विचारा आणि जे म्हणेल ते मान्य करा. जायच्या आधी दारातच सांगा: आजोबा डोळे उघडणार नाहीत, घशातून आवाज येतो, त्याने त्यांना दुखत नाही, हात गार लागेल. दोनतीन मिनिटं पुरे. त्या दिवसासाठी एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा, शेजारची काकू चालेल, रडणारी आई नको. पाया पडायची सक्ती नाही. रक्तस्रावाचा इशारा दिसला तर मात्र त्याला त्याच क्षणी दुसऱ्या घरी हलवा. माझं "अर्धी" ते एवढ्यासाठी. नंतर अंथरूण ओलं करणं, चिकटून राहणं, बाहुल्यांचं मयत-मयत खेळणं हे काही आठवडे चालतं. खेळ थांबवू नका.

मोठ्यांचं. पहिले काही आठवडे तो आवाज कानात येणं, डोळे मिटले की चेहरा दिसणं, दर चार तासांनी डोसच्या वेळेला दचकून उठणं हे अपेक्षित आहे, आजार नाही. रात्रपाळी करणाऱ्याची झोप सगळ्यात उशिरा परतते, बहुतेक घरांत ती सून असते. ज्या गोष्टींनी हे लांबतं त्या ठाऊक आहेत: दुखणं आटोक्यात नसताना झालेला मृत्यू, रक्तस्राव, भ्रमात झालेली ओढाताण, आणि "आपली काहीच तयारी नव्हती" ही भावना. पहिल्या तिन्हींवर वर दोघांनी लिहिलंच आहे. मन सांभाळायची निम्मी कामं ही अशी टॉवेलची आणि कॅथेटरची असतात.

दोन गोष्टी करू नका. सगळ्यांना गोल बसवून लगेच "काय काय पाहिलं ते सविस्तर सांगा" असं बोलतं करणं उपयोगाचं नाही, काहींना त्याने त्रास वाढतो. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, गप्प बसणाऱ्याला गप्प बसू द्यावं. आणि दशक्रियेपर्यंत कोणीतरी सासूबाईंना झोपेची गोळी आणून देईल. शोकात ती सरसकट द्यायची नसते. सवय लागते आणि पडून हाड मोडायचा धोका वेगळा. पुरुषांच्या बाबतीत गोळीच्या जागी दारू येते, तिकडेही लक्ष असू द्या.

सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तेरा दिवसांत हमखास चुकतात. ते काम एका व्यक्तीवर सोपवा. छातीत दुखलं, धाप लागली तर "धक्का बसलाय" म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयाचा धोका खरोखर वाढतो, आणि वयस्क बायकांमध्ये मानसिक धक्क्याने हृदयाचा कप्पा तात्पुरता ढिला पडण्याचा एक प्रकारही आहे, तो झटक्यासारखाच दिसतो.

कोणी "मी तिथे नव्हते" म्हणून खचतं. तुमच्या नणंदेला पुण्याहून यायला तीनचार तास लागतील. गुडघ्यांवर ते जांभळट डाग दिसले की फोन करा, श्वास थांबल्यावर नाही. तरी चुकामूक होऊ शकते. सगळे चहाला उठले आणि तेवढ्यात गेले असं पुष्कळदा होतं. फोन कानाशी धरून बोलू द्या. प्रतिसाद नसला तरी ऐकू येत असावं असं धरून चालतात.

मदत कधी घ्यायची? महिना उलटूनही तीच दृश्यं रोज घुसत असतील, खोली किंवा औषधाचा वास टाळण्यासाठी दिनक्रम बदलला असेल, कामं ठप्प असतील तर. शोक सहा महिन्यांनंतरही तितकाच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल तरीही. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याच दिवशी. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून दिरांना वाचायला दिलं आहे, कागदपत्रांचा भाग त्यांना पटलेला दिसतो. टॉवेल आणि डॉक्टरांचं आजच बघते.

दोन शंका राहिल्या. रात्री दोघांनी मिळून जागायचं की पाळी लावायची? आणि सासूबाई त्याच खोलीत झोपतात. नंतर खाट, नळ्या, औषधं हे सगळं लगेच काढून टाकावं का? त्यांच्या बहिणी म्हणतात, बाराव्याच्या आत खोली धुऊन रंगवून घ्या.

---

पांढरीपट्टी

पाळीच. चार तासांची, म्हणजे डोसच्या वेळेलाच बदल होतो आणि वही दोघांच्या हातून जाते. जागणाऱ्याने खाटेच्या उशाशी नाही, पायथ्याशी बसावं. उशाशी बसलं की प्रत्येक श्वास मोजला जातो. मंद दिवा असू द्या, पूर्ण अंधारात भ्रम वाढतो. तुमची पाळी संपली की दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा. शेवटचे म्हणून जे तास आपण धरतो ते कधी कधी चार दिवस चालतात, आणि चौथ्या रात्री दोघंही गळालेले असतात.

खोलीचं: रक्ताचे किंवा जखमेचे कपडे, ड्रेसिंग, नळी, लघवीची पिशवी त्याच दिवशी हलवा, आणि ते काम घरातल्या बाईवर टाकू नका, शेजाऱ्यांपैकी कोणी करावं. रक्ताचे डाग आधी गार पाण्याने, गरम पाण्याने ते बसतात. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने. खाट भाड्याची असेल तर परत जाईल. बाकी कपडे, चष्मा, पाटी यांना सासूबाईंनी सांगितल्याशिवाय कोणी हात लावू नये. रंग लावायची घाई बहिणींना आहे, सासूबाईंना आहे का ते विचारा. त्यांना तिथेच झोपायचं असेल तर झोपू द्या, पहिले काही दिवस सोबत कोणीतरी असावं.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून वहीत आकडा लिहा, दोघांच्या सह्या करा आणि जिथून घेतल्या त्या दवाखान्यात परत द्या. मोरीत टाकू नका, आणि "कोणालातरी उपयोगी पडतील" म्हणून कपाटात तर मुळीच ठेवू नका. फेंटॅनिलचे पॅच मधल्या काळात सुरू झालेच तर वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं: चिकट बाजू आत दुमडून डब्यात, मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि गोळ्यांबरोबरच परत.